चेंडूकडून फुलाकडे

प्रस्तावना

माणूस आयुष्यात अनेक गोष्टी करून पाहतो. त्यांतील काही पोटासाठी कराव्या लागतात, काही लोकाग्रहास्तव होतात आणि एखादीच अशी असते, की जी कोणी सांगितली नाही तरी आपण करीत राहतो. दिवसभराच्या श्रमांनी शरीर थकलेले असते, तरी मन तिच्याकडे ओढ घेते. फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या शहरात पाळी संपवून परतलेली माणसे संध्याकाळी जवळच्या उद्यानात जाळी बांधून बॅडमिंटन खेळताना दिसतात. सांगली, सोलापूर किंवा बेळगाव येथील गल्लीतही हेच दृश्य आढळते. त्यांना बक्षीस मिळायचे नसते, की वर्तमानपत्रात नाव छापून यायचे नसते. तरीही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येतात.

ही ओढ कशी निर्माण होते? ती एकदा सापडली की वर्षानुवर्षे कशी टिकते? पहिली निवड चुकीची वाटू लागली, तर दुसरी करता येते का? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात एका थोर मराठी खेळाडूच्या जीवनाच्या आधारे केला आहे. हे खेळाडू म्हणजे सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर. त्यांच्या जोडीला, अलीकडे आपल्या देशात येऊन पोहोचलेल्या पॅडेल या खेळाची जन्मकथाही येथे सांगितली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• बॅडमिंटन, टेनिस आणि पॅडेल या खेळांतील साम्य व फरक सांगू शकाल;
• नंदू नाटेकर यांच्या क्रीडाजीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने लिहू शकाल;
• आवड, छंद, नाद आणि ध्यास या शब्दांतील अर्थच्छटा स्पष्ट करू शकाल;
• खेळांतून व्यवहारात आलेल्या वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करू शकाल;
• स्वतःच्या आवडीविषयी सुसंगत परिच्छेद लिहू शकाल.

मूलपाठ

१

रॅकेटने खेळल्या जाणाऱ्या खेळांचे एक मोठे कुटुंबच आहे. टेनिस, टेबल टेनिस, स्क्वॉश आणि बॅडमिंटन ही त्या कुटुंबातील परिचित भावंडे. यांपैकी बॅडमिंटनचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ मोठ्या हौसेने खेळत, त्यामुळे काही काळ तो 'पूना' या नावानेच ओळखला जाई. पुढे इंग्लंडमधील ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांच्या 'बॅडमिंटन हाऊस' या निवासस्थानावरून त्याला आजचे नाव मिळाले. १८९९ साली इंग्लंडमध्ये 'ऑल इंग्लंड' ही स्पर्धा सुरू झाली आणि ती दीर्घकाळ या खेळातील सर्वोच्च मानाची स्पर्धा समजली गेली.

बॅडमिंटनमध्ये चेंडू नसतो. त्याच्या जागी बुचाच्या अर्धगोलात सोळा पिसे खोचलेले शटल असते. आपल्याकडे बोलीत त्याला 'फूल' म्हणतात. हा शब्द किती समर्पक आहे, हे शटल हातात घेतल्यावर कळते. टेनिसच्या चेंडूचे वजन सुमारे ५८ ग्रॅम असते. फुलाचे वजन जेमतेम ५ ग्रॅम. पंख्याचा वारा लागला तरी त्याची दिशा बदलते.

स्वातंत्र्यापूर्वीच महाराष्ट्रात हा खेळ रुजला होता. पुण्यातील प्राध्यापक दि. ब. देवधर हे संस्कृतचे अध्यापक आणि नामवंत क्रिकेटपटू. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी १९४० च्या दशकात भारतीय बॅडमिंटन गाजविले. वडील क्रिकेटमध्ये रमले आणि मुली बॅडमिंटनमध्ये. एकाच घरात राहूनही प्रत्येकाला आपापला खेळ सापडू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

२

१२ मे १९३३ रोजी सांगली येथे नंदू नाटेकर यांचा जन्म झाला. आज त्यांचे नाव घेताच बॅडमिंटन आठवते; परंतु त्यांची पहिली आवड टेनिस ही होती. त्या खेळात त्यांनी चांगलीच प्रगती केली होती. १९५१-५२ च्या सुमारास कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ते थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. साऱ्या देशातून पुढे आलेल्या तरुण खेळाडूंमध्ये ज्याला अंतिम फेरी गाठता येते, त्याने त्या खेळात भविष्य पाहावे, हे स्वाभाविकच होते.

अंतिम सामन्यात मात्र ते पराभूत झाले. समोरचा खेळाडू वयाने त्यांच्याहून सुमारे चार वर्षांनी लहान होता. त्याचे नाव रामनाथन कृष्णन. हाच मुलगा पुढे १९५४ साली विम्बल्डनच्या कनिष्ठ गटाचा विजेता झाला आणि १९६० व १९६१ या दोन्ही वर्षी विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. आज मागे वळून पाहताना आपल्याला दिसते, की नाटेकरांना हरविणारा खेळाडू असामान्य होता आणि त्याच्याकडून हार पत्करण्यात कमीपणा नव्हता. परंतु हे भविष्य त्या दिवशी कोणाला ठाऊक असणार? पराभूत तरुणापुढे एवढेच वास्तव होते, की आपल्याहून लहान मुलाने आपल्याला हरविले आहे.

या पराभवानंतर नाटेकरांनी टेनिस बाजूला ठेवले आणि सर्व लक्ष बॅडमिंटनवर केंद्रित केले. वरवर पाहता हा निर्णय माघारीचा वाटतो. जिथे इतके परिश्रम केले, जिथे राष्ट्रीय पातळीवर ओळख मिळाली, तो मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाने चालू लागणे सोपे नसते. वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब मनात सुरू होतो. लोक काय म्हणतील, ही शंका वेगळीच. शिवाय त्या काळी बॅडमिंटन हा निव्वळ हौशी खेळ होता. त्यात पैशांची बक्षिसे नव्हती. भारतीय खेळाडूने परदेशात एकही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली नव्हती. म्हणजे ज्या वाटेने नाटेकर निघाले, त्या वाटेवर लाभाचे कोणतेही आश्वासन नव्हते.

३

टेनिस आणि बॅडमिंटन हे दोन्ही खेळ जाळीवरून खेळले जात असले, तरी त्यांची प्रकृती भिन्न आहे. टेनिसचे मैदान २३.७७ मीटर लांब, तर बॅडमिंटनचे १३.४० मीटर. टेनिसची जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते. बॅडमिंटनची जाळी दीड मीटरहून थोडी अधिक उंच असते. टेनिसमध्ये चेंडूचा एक टप्पा पडू देता येतो, त्यामुळे खेळाडूला क्षणभर उसंत मिळते. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला लागले की गुण गेला.

सर्वांत मोठा फरक वेगाचा आहे. रॅकेटवरून सुटलेले फूल आरंभी कमालीच्या वेगाने जाते. २०२३ साली जपानमध्ये घेतलेल्या एका चाचणीत भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने मारलेल्या फटक्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. मात्र पिसांना होणाऱ्या हवेच्या विरोधामुळे हाच वेग काही मीटरच्या आत झपाट्याने कमी होतो. म्हणून या खेळात केवळ जोर पुरत नाही. मनगटाची लवचीकता, फटका अखेरच्या क्षणी बदलण्याची हातोटी आणि जाळीलगत फूल अलगद पलीकडे सोडण्याचे कौशल्य यांना येथे विशेष महत्त्व असते.

नाटेकरांच्या ठायी नेमके हेच गुण होते. त्यांचा खेळ पाहणारे त्यांच्या विजयांबरोबरच त्यांच्या शैलीचे कौतुक करीत. ते प्रतिस्पर्ध्याला ताकदीने दमविण्यापेक्षा चकविण्यावर भर देत. टेनिसच्या मैदानावर मिळविलेली चपळता आणि नजर त्यांना या नव्या खेळातही उपयोगी पडली असणार, हे उघड आहे. एका खेळासाठी घेतलेले कष्ट दुसऱ्या खेळात वाया जात नाहीत.

लवकरच फळ दिसू लागले. १९५४ साली नाटेकर ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. १९५६ साली मलायातील क्वालालंपूर येथे झालेल्या सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद त्यांनी पटकाविले. बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. टेनिसमधील त्या पराभवाला अजून पाच वर्षेही नीट उलटली नव्हती.

देशातही त्यांचे वर्चस्व दीर्घकाळ राहिले. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकूण १७ विजेतेपदे मिळविली. त्यांपैकी ६ एकेरीची, ६ दुहेरीची आणि ५ मिश्र दुहेरीची होती. जागतिक सांघिक स्पर्धा असलेल्या थॉमस करंडकासाठी ते १९६३ पर्यंत दशकभराहून अधिक काळ भारताकडून खेळले. त्यात एकेरीच्या १६ सामन्यांपैकी १२ सामने त्यांनी जिंकले. काही वर्षे संघाचे नेतृत्वही केले. १९६१ साली भारत सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला, तेव्हा बॅडमिंटनसाठीचा पहिला पुरस्कार नाटेकरांना देण्यात आला. १९६३ साली बँकॉक येथील किंग्ज कप स्पर्धेत त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळविले. त्या वेळी ते सुमारे तीस वर्षांचे होते.

४

विजयांची यादी येथे संपली, तरी नाटेकरांचा खेळ संपला नाही, आणि आपल्या दृष्टीने हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ऐन उमेदीतील खेळाडू खेळतो, त्यामागे कीर्तीची आकांक्षा असू शकते. ती ओसरल्यावरही जो खेळतो, त्याची आवड खरी समजावी. १९८० आणि १९८१ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या-अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नाटेकरांनी प्रौढ खेळाडूंच्या गटात दुहेरीचे विजेतेपद मिळविले. योगायोग असा, की १९८० सालीच प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकून भारतीय बॅडमिंटनला नव्या उंचीवर नेले. एका पिढीने वाट पाडली आणि दुसरी पिढी त्या वाटेने शिखरावर पोहोचली, तेव्हा वाट पाडणारा अजून हातात रॅकेट धरून उभा होता.

नाटेकरांच्या घरात टेनिसही पुन्हा परतले. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर टेनिस खेळाडू झाले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत लिएंडर पेस यांच्यासह त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. वडिलांनी जो खेळ सोडला, तोच मुलाला आपलासा वाटला. देवधरांच्या घरात जे दिसले, तेच येथेही दिसते: वडिलांकडून मुलांना खेळण्याचा संस्कार मिळतो, खेळाची निवड मात्र ज्याची त्याने करावी लागते.

२८ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी पुणे येथे नंदू नाटेकर यांचे निधन झाले. ज्या नगरीचे नाव कधी काळी या खेळाला लाभले होते, तिथेच या खेळाच्या एका श्रेष्ठ उपासकाने अखेरचा श्वास घेतला. त्यानंतर दहाच महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, भारताच्या पुरुष संघाने बँकॉक येथे इंडोनेशियाचा ३-० असा पराभव करून थॉमस करंडक प्रथमच जिंकला.

५

रॅकेटच्या कुटुंबात गेल्या अर्धशतकात एका नव्या भावंडाची भर पडली आहे. त्याचे नाव पॅडेल. त्याचा जन्म एका अडचणीतून झाला. १९६९ साली मेक्सिको देशातील अकापुल्को या समुद्रकाठच्या शहरात एनरिके कोरकुएरा नावाच्या गृहस्थांना घराच्या आवारात टेनिससारखे मैदान करायचे होते. परंतु जागा अपुरी होती आणि बाजूला भिंती होत्या. दुसऱ्या एखाद्याने तो बेत सोडून दिला असता. कोरकुएरांनी भिंतींनाच खेळात घेतले. जमिनीवर टप्पा पडून भिंतीला लागलेला चेंडू परतवता येईल, असा नियम ठरला आणि अडथळा होता तोच या खेळाचा विशेष ठरला.

१९७४ साली हा खेळ स्पेनमधील मार्बेया येथे पोहोचला. पुढे स्पेन आणि अर्जेंटिना या देशांत तो अतिशय लोकप्रिय झाला. १९९१ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अलीकडच्या काही वर्षांत मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि दिल्लीच्या परिसरातही काचेच्या भिंतींची पॅडेलची मैदाने दिसू लागली आहेत.

पॅडेलचे मैदान २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही टोकांना काचेच्या भिंती आणि बाजूंना काही भागात जाळीचे कुंपण असते. खेळ बहुधा चौघांत, म्हणजे दुहेरीत होतो. रॅकेटला तारा नसतात. ती भरीव असून तिला छिद्रे पाडलेली असतात आणि तिची दोरी मनगटात अडकवावी लागते. गुणांची पद्धत टेनिसची. आरंभीचा फटका मात्र चेंडू जमिनीवर आपटून कमरेच्या खालून मारावा लागतो, म्हणून नवशिक्याला तो लवकर जमतो. मागे गेलेला चेंडू भिंतीवरून परत येत असल्याने चूक सुधारायला आणखी एक संधी मिळते. चाळिशी-पन्नाशीत प्रथमच रॅकेट हाती घेणारी माणसेही या खेळात रमतात, त्याचे रहस्य बहुधा इथेच आहे.

सांगलीचा तरुण खेळाडू आणि अकापुल्कोचा गृहस्थ यांच्यात वरवर कोणतेच साम्य नाही. परंतु दोघांच्याही मार्गात अडथळा आला, आणि दोघांनीही त्याला दोष देत बसण्याऐवजी आता काय करता येईल, याचा विचार केला. एकाला नवा खेळ सापडला; दुसऱ्याच्या हातून नवा खेळ घडला. आवड पुष्कळदा ठरविलेल्या मार्गावर भेटत नाही. ठरविलेला मार्ग बंद झाल्यावर जो थोडे इकडेतिकडे पाहतो, त्याला ती भेटते. भेटल्यावर तिला वेळ द्यावा लागतो. नाटेकरांनी तो आयुष्यभर दिला.

शब्दार्थ

लोकाग्रहास्तव – लोकांनी आग्रह केल्यामुळे
उसंत – विश्रांती, मोकळा वेळ
हातोटी – काम कुशलतेने करण्याची पद्धत
चकविणे – फसविणे, हुलकावणी देणे
वर्चस्व – प्रभुत्व, वरचढपणा
ऐन उमेदीत – तारुण्याच्या भरात
उपासक – निष्ठेने साधना करणारा
हौशी – मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आवडीने करणारा

विवेचन

या पाठात तीन घटना एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत. देवधरांच्या कुटुंबात प्रत्येकाला वेगळा खेळ सापडला, नाटेकरांनी एका पराभवानंतर खेळ बदलला आणि कोरकुएरांनी अपुऱ्या जागेतून खेळ घडविला. तिन्ही घटनांतून एकच विचार पुढे येतो, तो म्हणजे आवड शोधावी लागते आणि सापडल्यावर जोपासावी लागते.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. पराभव झाला की क्षेत्र बदलावे, असे हा पाठ सांगतो का? तसे मानणे योग्य होणार नाही. प्रत्येक अपयशानंतर वाट बदलणारा माणूस कोठेच पोहोचत नाही. नाटेकर बॅडमिंटनकडे वळले, ते पुढे दुसरीकडे वळण्यासाठी नव्हे. या खेळातही त्यांना पराभव पाहावे लागलेच असतील, कारण थॉमस करंडकातील १६ एकेरी सामन्यांपैकी ४ सामने त्यांनी गमावले. तरी त्यांनी रॅकेट खाली ठेवली नाही. म्हणून त्यांच्या निर्णयाचे मूल्यमापन पुढील तीस वर्षांच्या आधारे करावे लागते. बदल योग्य होता की नाही, हे त्यानंतर दाखविलेल्या चिकाटीवरून ठरते.

प्रौढ वयात शिक्षणाकडे पुन्हा वळणाऱ्या विद्यार्थ्यांना या विचाराचे महत्त्व सहज पटेल. शाळा एकदा सुटली म्हणजे शिक्षण कायमचे सुटले, असे नसते. मधल्या काळात केलेली मजुरी, चालविलेले घर, सांभाळलेले दुकान यांतून मिळालेली समजूत नव्या अभ्यासातही उपयोगी पडते. टेनिसमध्ये मिळविलेली चपळता जशी बॅडमिंटनमध्ये उपयोगी पडावी, तशीच.

पाठाची भाषा माहितीपर आहे. सनावळी, आकडे आणि स्थळे अचूक दिल्यामुळे लेखनाला विश्वसनीयता येते. मात्र नुसती माहिती रुक्ष होऊ नये म्हणून अधूनमधून प्रश्न, तुलना आणि उदाहरणे यांचा आधार घेतला आहे. 'परंतु हे भविष्य त्या दिवशी कोणाला ठाऊक असणार?' हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नाही. वाचकाने त्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, हा त्याचा हेतू आहे.

पाठगत प्रश्न

अ) कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
१. नंदू नाटेकर यांचा जन्म ______ येथे झाला. (पुणे / सांगली / मुंबई)
२. बॅडमिंटनच्या फुलात ______ पिसे असतात. (बारा / चौदा / सोळा)
३. पॅडेलचा जन्म ______ या देशात झाला. (स्पेन / मेक्सिको / अर्जेंटिना)

आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. नाटेकरांना कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांनी हरविले.
२. पॅडेलमध्ये भिंतीला लागलेला चेंडू परतवता येत नाही.
३. भारताने थॉमस करंडक प्रथम २०२२ साली जिंकला.

भाषाभ्यास

१. अर्थच्छटा

मराठीत जवळच्या अर्थाचे अनेक शब्द असतात; परंतु त्यांचा वापर सरसकट एकमेकांऐवजी करता येत नाही. मनाला एखाद्या गोष्टीची सहज वाटणारी गोडी म्हणजे 'आवड'. ती गोडी नित्याची होऊन फावल्या वेळात जोपासली जाते, तेव्हा तिला 'छंद' म्हणतात. 'नाद' या शब्दात कौतुकाबरोबर कधी कधी तक्रारही असते. 'त्याला पत्त्यांचा नाद लागला' असे म्हणताना बोलणाऱ्याची नापसंती जाणवते. 'ध्यास' हा शब्द मात्र एखाद्या ध्येयाने मन पूर्णपणे व्यापले असेल, तेव्हाच वापरतात. क्रियापदेही लक्षात ठेवा: आवड असते किंवा निर्माण होते, छंद जडतो, नाद लागतो आणि ध्यास घेतला जातो.

२. खेळांतून आलेले वाक्प्रचार

मैदानावरचे आणि आखाड्यातले अनेक शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यात मिसळून गेले आहेत. त्यांतील काही पुढे दिले आहेत.

बाजी मारणे – विजय मिळविणे, यशस्वी होणे
डाव साधणे – योग्य संधी पाहून हेतू पूर्ण करणे
डाव उलटणे – योजलेले बेत स्वतःवरच शेकणे
पेच पडणे – काय करावे ते न सुचणे
चीत करणे – पूर्णपणे पराभूत करणे
खेळखंडोबा होणे – कामाचा सावळागोंधळ होणे

'खेळीमेळी' हा शब्दही पाहा. मोकळेपणाने, सलोख्याने वागण्यासाठी मराठी माणसाला 'खेळ' या शब्दाचाच आधार घ्यावासा वाटला.

तुम्ही काय शिकलात

• बॅडमिंटनचा पुण्याशी ऐतिहासिक संबंध आहे.
• नंदू नाटेकर यांनी टेनिसमधील पराभवानंतर बॅडमिंटन स्वीकारले आणि १९५६ साली आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले.
• प्रौढ वयापर्यंत त्यांनी आपली आवड जोपासली.
• पॅडेल हा खेळ जागेच्या अडचणीतून निर्माण झाला व भिंत हा त्याचा विशेष बनला.
• वाट बदलण्याचा निर्णय पुढील चिकाटीमुळे सार्थ ठरतो.

उपक्रम

तुमच्या वस्तीत, कामाच्या ठिकाणी किंवा जवळच्या उद्यानात नियमितपणे खेळणाऱ्या चाळिशीपुढील एका व्यक्तीशी बोला. खेळाची सुरुवात केव्हा झाली, मध्ये खंड पडला का आणि पुन्हा सुरुवात कशी झाली, हे त्यांना विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा. शक्य असल्यास एक दिवस त्यांच्याबरोबर खेळून पाहा.

पाठान्त प्रश्न

१. टेनिस आणि बॅडमिंटन या खेळांची प्रकृती कशी भिन्न आहे, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. 'वरवर पाहता हा निर्णय माघारीचा वाटतो' या विधानामागील आशय स्पष्ट करा.
३. नवशिक्या व्यक्तीला पॅडेल लवकर जमण्याची कारणे लिहा.
४. 'एका खेळासाठी घेतलेले कष्ट दुसऱ्या खेळात वाया जात नाहीत' या विचाराला पुष्टी देणारे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून द्या.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा: बाजी मारणे, पेच पडणे, डाव उलटणे.
६. 'मला जडलेला छंद' किंवा 'मला पुन्हा सुरू करावीशी वाटणारी गोष्ट' या विषयावर सुमारे शंभर शब्दांत परिच्छेद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

अ) १. सांगली २. सोळा ३. मेक्सिको
आ) १. बरोबर २. चूक ३. बरोबर